डोळ्यातले भिंग आणि हातातले काम



मोतीबिंदू काढून डोळ्यात भिंग बसवण्याची सुरुवात १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी केली. वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे डोळ्याला बाधत नाहीत, हे त्यांनी हेरले होते.

साधे भिंग एकाच अंतरावरचे नेमके दाखवते, बहुधा लांबचे. वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल, म्हणजे बहुकेंद्री, भिंग प्रकाशाची वाटणी करून जवळचे व लांबचे दोन्ही दाखवते. चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते. पण वाटणी म्हटली की प्रत्येकाच्या पदरी थोडे कमीच येते! मंद उजेडात रेखीवपणा घटतो. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. रात्रपाळीचा ड्रायव्हर आणि दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी बाई, दोघांना एकच भिंग कसे मानवेल? तेव्हा महाग तेच चांगले, असे समजू नका. डॉक्टरांना भिंगाची किंमत विचारण्याआधी आपले काम काय ते सांगा. चष्मा लावण्यात कमीपणा नाही; अंधारात समोरचा माणूस न दिसणे मात्र परवडणारे नाही. डोळा आपला, काम आपले. मग निवडीतही आपला शब्द हवाच.