रोल धुवायचा कुठे?

श्रोतेहो, पॅलेस्टाईन-लेबनॉनच्या चित्रपटांविषयी मी बोलू लागलो, की कोणीतरी विचारतंच, 'तुमच्या लोकांचे ना?' झियाद दुएरी यांचा १९९८ चा 'वेस्ट बैरुत' पाहा. १९७५ चा एप्रिल. यादवी पेटते, शाळा बंद पडते. तारेक आणि ओमर ही मुसलमान पोरं खूश! हाती सुपर-एट कॅमेरा. सोबतची मैत्रीण ख्रिस्ती, गळ्यात क्रॉस. यात कोण कोणाचं, सांगा. पण रोल धुणारं दुकान पूर्व बैरुतमध्ये, मधे बंदुका. आठवण टिपली, पाहायची कशी?

पॅलेस्टिनी दिग्दर्शक मिशेल ख्लेफी यांच्या १९८० च्या 'फर्टाइल मेमरी'त विधवा रूमिया जप्त झालेल्या जमिनीचा मोबदला घेत नाही. मुलं व्यवहार समजावतात. बाई हलत नाही. खरं सांगतो, मला मुलांचंही पटतं.