बँकेच्या खिडकीतले शब्द



वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. सरकारी नोकरीत मी नवा होतो आणि एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक झाली होती. एके सकाळी एक वृद्ध शेतकरी वसुलीची नोटीस हातात घेऊन कचेरीत आले. कर्ज त्यांचे नव्हते, शेजाऱ्याचे होते. "साहेब, मी तर साक्षीला सही केली," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी कागद पाहिला. तो इंग्रजीत होता आणि त्यांच्या सहीवर छापलेला शब्द होता 'गॅरंटर'. 'इथे सही करा' यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितले नव्हते.

त्या जागी 'जामीन' हा शब्द असता, तर त्या गृहस्थांनी लेखणी खाली ठेवली असती. निदान घरी जाऊन चार माणसांना विचारले असते. जामीन राहणे म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असते. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे १२८वे कलम सांगते की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. सही आपल्यासमोर झाली, एवढेच काय ते साक्षीदाराने सांगावयाचे. एका शब्दाने त्या शेतकऱ्याला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसविले होते.

तेव्हापासून बँकेतल्या इंग्रजी शब्दांकडे मी जरा निरखून पाहू लागलो. एम. ए.ला भाषा घेतलेल्या माणसाचे हे व्यसनच म्हणा ना. पाहता पाहता ध्यानात आले की, आपल्याला दडपून टाकणारे हे शब्द मुळात अगदी घरगुती आहेत. 'बँक' हा इटालियन भाषेतला बाक. नाणी बदलून देणारा सराफ ज्याच्यावर आपली नाणी मांडीत असे तो. ते बाक मोडले की झाला 'बँकरप्ट', म्हणजे आपल्या भाषेत दिवाळखोर. 'कॅश' म्हणजे पैसे ठेवण्याची पेटी. 'टेलर' म्हणजे मोजणारा. बँकेतल्या टेलरचा शिंप्याशी काही संबंध नाही, हे आमच्या एका शिपायाला मी मोठ्या कष्टाने पटवून दिले होते! आज चौकाचौकात उभ्या असलेल्या एटीएममधला 'टी' तो हाच.

'स्टॉक' या शब्दाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडच्या राजकोषात शतकानुशतके पैशाचा हिशेब लाकडाच्या काठीवर खाचा पाडून ठेवीत. मग काठी उभी चिरून तिचे दोन तुकडे करीत. मोठा तुकडा पैसे देणाऱ्याकडे राही, त्याचे नाव 'स्टॉक'. लहान तुकडा घेणाऱ्याकडे. वाद उपस्थित झाला की दोन्ही तुकडे जोडून पाहावयाचे. खाचा जुळल्या की हिशेब खरा. लिहितावाचता न येणाऱ्यालाही ही पावती बोटांनी चाचपून वाचता येई. ही पद्धत बंद पडल्यावर साठलेल्या जुन्या काठ्या ऑक्टोबर १८३४मध्ये पार्लमेंटच्याच भट्टीत जाळण्यात आल्या. आग इतकी भडकली की पार्लमेंटची जुनी इमारत भस्मसात झाली.

आपल्याकडेही पेढीचा व्यवहार आणि त्याची भाषा होतीच. चेकच्या कोपऱ्यावर दोन समांतर रेघा मारल्या की त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. आपली शहाजोग हुंडी याच जातीची. तिचे पैसे बाजारात ओळख आणि पत असलेल्या 'शहा'लाच मिळत. १८८१च्या कायद्याने चेकाचे नियम घालून दिले, तरी देशी भाषांतील हुंड्यांच्या रूढींना त्याने हात लावला नाही. आणि गंमत पाहा, 'चेक' हा शब्द परका राहिला तरी तो वटतो मात्र हुंडीसारखाच. नाम त्यांचे, क्रियापद आपले.

मग नवे मराठी शब्द घडवावेत का? शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशापासून ही खटपट चालू आहे, आणि मीही फायलींवर असे शब्द भरपूर लिहिले आहेत. 'धनादेश' रुळला. 'धनाकर्ष' म्हणजे डिमांड ड्राफ्ट, हे मात्र अजून सांगावे लागते. आणि ज्याचा अर्थ सांगावा लागतो तो शब्द संस्कृतातून आला काय किंवा लंडनहून आला काय, खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच. 'बँक' खुशाल राहावी. तिचे 'बँका' हे अनेकवचन होऊन ती केव्हाच आपल्या व्याकरणात नांदू लागली आहे. परंतु तारण, गहाण, मुद्दल, जामीन, हप्ता हे शब्द जिवंत असताना तेथे दुसरे आणून बसविणे मला तरी पटत नाही.

ग्राहकांसाठीचे छापील कागद हिंदी, इंग्रजी आणि त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत असावेत, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. मराठी मुलखाबाहेर, बडोद्याला किंवा इंदूरला असलेल्या आपल्या मंडळींना तेथे मराठी कागद मिळणार नाही हे उघड आहे. तरी सही करण्यापूर्वी 'यात जामीन कोण आणि तारण काय' एवढे दोन प्रश्न विचारण्यास कोणतीच भाषा आड येऊ नये.

त्या वृद्ध शेतकऱ्यांनी शेजाऱ्याचे कर्ज तीन वर्षे हप्त्याहप्त्याने फेडले. शेवटचा हप्ता भरून ते एक कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता यावर काय लिहिले आहे तेवढे सांगा." मी वाचले, "नो ड्यूज सर्टिफिकेट." ते माझ्याकडे पाहतच राहिले. "म्हणजे बेबाकीचा दाखला," मी म्हटले. तेव्हा कुठे त्यांनी तो कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला.