आपोआप भरणारे मस्टर

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली आणि मस्टर हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला. मस्टरवर नाव असेल तर मजुरी. कामावर न आलेल्याचेही नाव तिथे लागू शकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांचेही असेच एक मस्टर आहे. २००८ साली सुरू झालेल्या गिटहबवर जगभरातले प्रोग्रामर आपले काम ठेवतात. प्रत्येकाच्या पानावर वर्षातल्या दिवसांचे चौकोन असतात. काम नोंदले तो दिवस हिरवा, नाही तो फिका. २०२०मध्ये आणखी एक सोय झाली. स्वतःच्या नावाचा कप्पा उघडून त्यात आपली ओळख लिहून ठेवली, की ती पानाच्या माथ्यावर दिसते. नोकरी देणारेही हे पान बघतात, म्हणून ते ताजे हवे.

पण रोज लिहिणार कोण? आमच्या इंझोरीचाच, माझा भाचा पुण्यात हे काम करतो. तो म्हणाला, “मामू, मी लिहीतच नाही.” त्याने मजकुरात वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या दोन खुणा करून ठेवल्या आहेत. गिटहब अ‍ॅक्शन्स नावाच्या सोयीला वेळ सांगून ठेवली, की रोज एक छोटा प्रोग्राम जागा होतो, अलीकडे काय काम झाले ते गोळा करतो, दोन खुणांमधले जुने पुसून नवे लिहितो. वेळ ग्रीनविचची, आपल्याकडे सकाळी सहाला पान हवे, तर तिथे रात्रीचे साडेबारा सांगायचे. साठ दिवस त्या उघड्या कप्प्यात काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब हा गजर आपणच बंद करते.

खरी गोम पुढे आहे. यंत्राने ही नोंद तुमच्या नावाने आणि ईमेलने केली, तर ती तुमचेच काम धरली जाते. तुम्ही सोयाबीन सोंगायला गावी आलेले असा, चौकोन हिरवाच! भाच्याने नोंद यंत्राच्याच नावावर टाकायला लावली. मला ते आवडले.

त्या चौकोनाला तरी काय कळते? एक अक्षर दुरुस्त केले तरी एक नोंद, महिनाभर डोके खपवून सापडलेली चूक काढली तरी एकच. एका शेरासाठी तीन महिने घालवणाऱ्या माझ्यासारख्याचे पान तर ओसाडच दिसेल. सलग किती दिवस काम केले, हा आकडाही पूर्वी तिथे झळकत असे. गिटहबने तो २०१६मध्ये काढला. त्यानंतर एकही दिवस न चुकवण्याचा हट्ट कमी झाल्याचे संशोधकांना आढळले.

भाच्याने यादीच्या वर दोन ओळी स्वतः लिहिल्या आहेत : काय बनवले, आणि ते कोणाच्या उपयोगी पडले. त्या ओळी खुणांच्या बाहेर आहेत, म्हणून यंत्र त्यांना हात लावत नाही.