आवलीची बाजू

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषण करावयास मी उभी राहिले आहे खरी, पण मला भाषणाची सवय नाही. सवय आहे ती बोलपट पाहण्याची आणि पाहून झाल्यावर त्यांवर चार जणींत वाद घालण्याची. चिटणीसबाईंना माझी ही खोड पुरती ठाऊक आहे. म्हणूनच "जुन्या बोलपटांवर काहीतरी बोला" असा त्यांचा निरोप आला. या 'काहीतरी'ने मला आठवडाभर छळले. सगळेच बोलावयाचे म्हटले तर रात्र होईल, आणि आपणा सर्वांना घरी जाऊन कुकर लावावयाचा आहे. तेव्हा गेल्या महिन्यात याच जागी आपण 'संत तुकाराम' पाहिला, त्यावेळी जो वाद अर्धा राहिला तोच आज पुरा करते.

आपणांस आठवत असेल, आवली एका हाताने आजारी पोराला ओढीत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, तेव्हा आपल्यापैकी निम्म्याजणी हसल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "काय कजाग बाई ही! बिचारे तुकोबा!" मी उत्तर देणार तेवढ्यात दिवे लागले, चहा आला आणि गोष्ट तशीच राहिली. त्या भगिनी आजही पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. परंतु आवली कजाग नाही. जुन्या मराठी बोलपटांत बायकांची जी कामे मी पाहिली, त्यांत हे काम मी पहिल्या नंबरावर ठेवते. असे का ठेवते, तेवढेच सांगावयाचे आहे.

'संत तुकाराम' हा प्रभात कंपनीचा 1936 सालचा बोलपट. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि मुंबईत तो एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. हे पागनीस मूळचे नाटकांतून स्त्रीभूमिका करणारे. पण तुकाराम म्हणून ते लोकांच्या मनात असे बसले की पुढे लोक त्यांच्याच पाया पडू लागले. शांताराम आठवल्यांनी या बोलपटासाठी रचलेला एक अभंग तर अनेकांनी खुद्द तुकोबांचाच समजून गाथेत शोधला म्हणतात. हे सारे कौतुक रास्तच आहे. पागनीसांचा तो शांत चेहरा, आवाजातला तो सरळपणा, यांत मला कमी काही काढावयाची नाही.

पण या सगळ्या कौतुकात आवली कोठे आहे? ते काम करणारीचे नाव गौरी. नामावलीत एवढे एकच नाव, आडनावसुद्धा नाही. नाटकाची तालीम नाही, गाण्याची बैठक नाही. कंपनीत हलकी कामे करता करता ती पडद्यावर आली असे तिच्याविषयी सांगतात. आणि पाहा, सगळ्या बोलपटात 'अभिनय' म्हणावा असे ती काहीच करीत नाही. म्हशीला धुताना गाणे म्हणते ते म्हशीसाठीच म्हणते, आपल्यासाठी नव्हे. पदर खोचते, पोरांवर ओरडते, नवऱ्याला बोल लावते आणि बोलता बोलता त्याला वाढतेही. तिच्या ओरडण्यात राग किती आणि माया किती, हे वेगळे काढता येत नाही. त्या काळच्या कितीतरी नट्या वाक्य संपले की क्षणभर थांबत, जणू प्रेक्षकांना दाद द्यावयास सवड देत. गौरीला थांबावयास वेळच नाही. तिच्या हातात सतत काही ना काही काम आहे.

आता ती वहाण. पोर तापाने फणफणलेले, घरात दाणा नाही, नवरा भजनात. अशा बाईने देवाला जाब विचारावयाचा नाही तर कोणाला? नवऱ्याला तो देव भेटतो म्हणतात. मग तिच्या पोराचे त्याने काय केले, हा तिचा प्रश्न आहे. मला तर वाटते, त्या साऱ्या बोलपटात विठोबाला खराखुरा जिता समजून त्याच्याशी भांडणारी ती एकटीच आहे. दगडावर कोणी वहाण उगारीत नाही.

शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तो प्रसंगही आठवा. जन्मभर फाटके नेसलेली ही बाई स्वतः नटते, पोरांना नटविते. तिचा तो हरखलेला चेहरा पाहताना आपल्यालाच लाज वाटते, कारण पुढे काय होणार हे आपणांस ठाऊक असते. तुकोबा ते सारे परत करणार. संत म्हणून ते योग्यच. पण अंगावर घातलेला दागिना पोराच्या अंगावरून उतरवून घ्यावयाचा असतो तो आईला. दिग्दर्शकांनी येथे कोणाची बाजू घेतली नाही, दोघांनाही पुरते पाहू दिले. याला मी त्यांचे मोठेपण समजते.

हे मला लहानपणी कळत होते असे नाही. मी दहा-अकरा वर्षांची असताना पुण्यात 'संत तुकाराम' पुन्हा लागला होता आणि आई मला घेऊन गेली होती. आमचे वडील संत नव्हते. पण हात सढळ, कोणी मागितले की देऊन मोकळे. न सांगता चार पाने वाढवावी लागत, आणि दुसऱ्याला जामीन राहिल्यापायी आईच्या पाटल्या एकदा गेल्या त्या परत आल्या नाहीत. शेवटी तुकोबांना न्यावयास विमान आले तेव्हा चित्रगृहात पुष्कळांनी हात जोडले, मीही जोडले. आईने जोडले नाहीत. घरी येताना बराच वेळ ती काही बोलली नाही. मग लकडी पुलावर म्हणाली, "त्याला विमान आलं. तिला उद्या सकाळी म्हशीची धार काढायचीच आहे." आईने वडिलांविरुद्ध उभ्या जन्मात काढलेला हा एवढाच शब्द, आणि तोही वडिलांचे नाव न घेता.

त्या वयात मला आवडत ती तारामती. 1932 सालचा 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, आणि त्यात दुर्गाबाई खोटे. घरंदाज, शिकलेल्या घरातली मुलगी पडद्यावर आली म्हणून त्या काळी केवढे काहूर उठले असेल! ती उंच मान, ते डोळे! राणीची दासी झाली तरी ती राणीच दिसते. पुढे 1936 साली 'अमरज्योती'त त्याच दुर्गाबाई समुद्रावरच्या लुटारूंची नायिका सौदामिनी झाल्या. पोटचे मूल हिरावले गेले म्हणून सूड घेणारी बाई! तारामती मुकाट सोसते, सौदामिनी सोसत नाही, आणि दोघीही दुर्गाबाईच. पण खरे सांगू? दोघीही मला उंचावर वाटतात. त्यांच्याकडे मान वर करून पाहावे लागते. आवली मात्र आपल्या शेजारी बसून तांदूळ निवडते.

नको म्हणणारी बाई पाहावयाची तर 'कुंकू' पाहावा. 1937 साल, दिग्दर्शक व्ही. शांताराम, मूळ कादंबरी नारायण हरि आपट्यांची 'न पटणारी गोष्ट'. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा म्हणजे शांता आपटे, आणि तो म्हातारा म्हणजे केशवराव दाते. नीरा रडत नाही, विहीर जवळ करीत नाही. "हे लग्न मी मानीत नाही" असे ती आपल्या वागण्याने रोज सांगते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते तेव्हा गेल्या वर्षी याच सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाचे ठोके, दाराची कुरकुर, एवढ्यावर घराचा कोंडमारा उभा केला आहे. शकुंतलाबाई परांजपे त्यात म्हाताऱ्याच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीचे काम करतात. प्रत्यक्षातही या रँग्लर परांजप्यांच्या कन्येने पुढे कुटुंबनियोजनाच्या कार्याला वाहून घेतले.

शांता आपटेला माझा दुसरा नंबर. गाताना ती पुतळ्यासारखी उभी राहत नसे. हात, मान, डोळे सारे गात. आणि पडद्याबाहेरही ती नीराच होती. 1939 साली करारावरून बिनसले तेव्हा ती कंपनीच्या फाटकापाशी उपोषणाला बसली, आणि नंतर 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून तिने नवख्या मुलींना धोक्याच्या जागा दाखविल्या.

मात्र 'कुंकू'च्या शेवटावर माझा फार वर्षे राग होता. केशवराव दात्यांनी तो म्हातारा असा रंगविला आहे की आरशापुढची त्याची तरुण दिसण्याची धडपड पाहून हसू येते आणि लगेच हसण्याची लाज वाटते. शेवटी त्याला आपला अन्याय कळतो. तो नीरेला मुलगी मानतो आणि आपला जीव देतो. मला वाटे, हा काय न्याय? एवढी झुंजली ती नीरा, आणि सुटका झाली ती म्हाताऱ्याच्या मरणाने! तिला स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडून का जाऊ दिले नाही?

पुढे एका वकील भाच्याने माझे कान उपटले. "मावशी, ती जाणार कोठे?" तो म्हणाला. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने 1856 सालीच मान्यता दिलेली. पण घटस्फोट हिंदू बाईला आपल्या मुंबई प्रांतात मिळू लागला तो 1947 च्या कायद्याने, आणि साऱ्या देशात 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने. म्हणजे 1937 साली नीरेला दुसरा संसार थाटावयाचा, तर आधी विधवा होणे भाग. कथा लिहिणाऱ्याने म्हाताऱ्याला मारले नाही, त्या दिवसांच्या कायद्याने मारले म्हणा ना! तेव्हापासून माझा राग अर्धा उतरला आहे. उरलेला अर्धा मी राखून ठेवला आहे. कारण त्या चिठ्ठीने आणि त्या मरणाने शेवटी आपण रडतो ते म्हाताऱ्यासाठी, आणि नीरेला आपण तेवढ्यापुरते विसरतो.

'माणूस'मधल्या मैनेबद्दलही बोलावयाचे होते. शांता हुबळीकरचे ते काम 1939 चे. कोठ्यावरची बाई, पोलीस शिपाई गणपत तिला घरी आणतो, आणि त्याच्या आईच्या देवघरासमोर तिचेच पाय मागे सरतात. ती माया, तो थट्टेखोर थकवा फार वरच्या दर्जाचा. पण त्यावर बोलू लागले तर चिटणीसबाई घड्याळ दाखवतील. हंसा वाडकरांचे एवढेच सांगते की 1941 साली 'संत सखू' होणारी बाई आणि 1959 साली 'सांगत्ये ऐका'मध्ये फडावर उभी राहणारी बाई एकच आहे, आणि तिचे 1970 साली निघालेले आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. 'भूमिका' हा 1977 सालचा हिंदी चित्रपट त्यावरूनच निघाला. मनाची तयारी करून वाचा मात्र; सखूच्या पदराआड त्या बाईने काय काय सोसले ते त्यात आहे.

तर पुन्हा आवलीकडे. आमच्या ज्येष्ठ भगिनींचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळविले. त्यांना आवली कजाग वाटली याचे कारण, मला वाटते, आपण तो बोलपट तुकोबांच्या बाजूने पाहतो. तशीच आपली शिकवण आहे. पण एकदा तो आवलीच्या बाजूने पाहा. शेवटच्या प्रसंगात वैकुंठाला चल म्हणून तुकोबा तिलाही बोलावतात. तिला पोरे, घर, म्हैस टाकून जाता येत नाही. ती मागे राहते, आणि विमान वर जाताना तिच्या तोंडून जो टाहो फुटतो, त्यात कजागपणाचा एक कण मला दाखवा. जन्मभर ज्याच्याशी भांडली त्याच्यावाचून आता भांडावयाचे कोणाशी, असा तो चेहरा आहे. गौरीने तो कोठून आणला, कोणी शिकविला, देव जाणे.

पुढल्या महिन्यात 'कुंकू' पुन्हा दाखवावा अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे, आणि या खेपेस सुनांनाही घेऊन यावे. त्या शेवटावर त्यांचे काय मत पडते ते मला ऐकावयाचे आहे. माझ्या शेजारच्या भगिनींनी मघापासून दोनदा हात वर केला आहे. आता त्या बोलतील. मी बसते.