मोजणीबाहेरचे श्रम आणि छायाचित्र
(दापोली येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

येथून जवळच हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की पर्यटकांचे कॅमेरे बाहेर पडतात. होड्या, मासळीचे ढीग, मागे सुवर्णदुर्ग. चित्र देखणे येते. मात्र डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईच्या हाती त्या दिवशी काय पडले, हे त्यात कोठेच नसते. शिरगणतीवाल्याला घरच्या पुरुषाने "ती घरीच असते" असे सांगितले, की कागदावरूनही ती नाहीशी होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात घरकामाचे विनावेतन श्रम तर धरलेच जात नाहीत. अर्थशास्त्राने जे मोजले नाही ते निदान दाखवता येते, आणि म्हणूनच छायाचित्राचा विचार चळवळीने करावयाचा.

१९४३च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांची छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकात छापली गेली आणि दुष्काळाची भीषणता देशासमोर आली. समाजवाद्यांचे कम्युनिस्टांशी त्या वेळी हाडवैर होते. पण म्हणून हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पुढे पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या कामाची छायाचित्रे घेतली. त्यांचे प्रदर्शन कलादालनापुरते न राहता गावांत, बसस्थानकांवर, कारखान्यांच्या दारांशी गेले. ज्यांचे श्रम त्यांनाच ते पाहावयास मिळाले, हे त्यातले खरे महत्त्वाचे.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे असेच टिपले. घाणीत उतरलेला माणूस सुशिक्षितांना प्रथमच डोळ्यांसमोर दिसला. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. परंतु २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून आला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे लढला म्हणून. छायाचित्र पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. सुनावणीच्या तारखांना हजर राहते ती संघटना.

आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात कॅमेरा आहे. हर्णै-पाजपंढरीत तो काढण्यापूर्वी त्या बाईची परवानगी घ्यावी. चित्राखाली ती किती वाजता उठली, किती पाट्या वाहिल्या, पैसे किती मिळाले हे तिच्याच तोंडून ऐकून लिहावे. प्रदर्शन आधी तिच्या वस्तीत लावावे, तहसील कचेरीत मागाहून. आणि "हे लावू नका" असे ती म्हणाली, तर ते चित्र कितीही उत्तम असले तरी उतरवावे.