चौघांनी एकच चाल का वाजवायची?

वाद्यांच्या पेट्या मांडीवर सांभाळत एसटीने आलेले विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि नगरकर रसिकहो,

या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने आपणां सर्वांचं अहिल्यानगरमध्ये मनापासून स्वागत. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे बदललं, पण तोंडातलं ‘नगर’ जाता जात नाही, तेवढं चालवून घ्या. स्वागताध्यक्षाने जिल्ह्याचा इतिहास सांगावा असा रिवाज आहे. चांदबिबी, भुईकोट किल्ला, नेवाशाची ज्ञानेश्वरी, शिर्डी, प्रवरेचा सहकारी साखर कारखाना, झाला रिवाज. आता तुमच्या वाद्याकडे, सॅक्सोफोनकडे वळतो.

बेल्जियमच्या अडोल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या नजरेसमोर फ्रेंच पलटणींचे बँड होते. नगर हेही छावणीचं गाव. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्रही इथेच. पलटणीच्या बँडवरूनच आपल्याकडे लग्नाचे बँड निघाले. वरातीतला सॅक्सोफोनवाला तुम्ही पाहिलेला आहे: गळ्यात पट्टा, घामाने भिजलेला लाल कोट, पुढे घोड्यावर नवरदेव, आणि सिनेमाचं नवं गाणं नुसतं कानाने उचलून बसवलेलं. त्याच्या तयारीला मी हात जोडतो. पण शेजारचे तिघंही तीच चाल वाजवत असतात. रस्त्यावर ते योग्यच, ढोलापुढे आवाज पोचायला हवा. उलट सिनेमात मनोहारी सिंग यांचा ‘है दुनिया उसी की’मधला सॅक्सोफोन आठवा, तो एकटा. आपल्याकडे हे वाद्य एक तर घोळक्यात, नाही तर एकटं. चार जण अर्धवर्तुळात बसून चार निराळ्या ओळी वाजवतायत आणि समोर हात हलवणारा कुणी नाही, हे ऐकायची आपल्याला सवयच नाही.

विद्यार्थ्यांसाठीचं संगीत म्हणजे दुय्यम, असंही आपण धरून चालतो. १८५७ मध्ये, इकडे उठाव पेटला होता त्याच वर्षी, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत सॅक्सने लष्करी वादकांचा वर्ग सुरू केला. त्याचा मित्र सँजेले याने तिथल्या परीक्षांसाठी रचना लिहिल्या, आणि त्याचं पहिलं क्वार्टेट चार सॅक्सोफोनसाठीच्या अगदी सुरुवातीच्या रचनांपैकी एक मानलं जातं. वर्ग १८७० मध्ये बंद पडला, तो पुन्हा सुरू व्हायला सत्तरएक वर्षं गेली. मधल्या काळात, १९३२ मध्ये, ग्लाझुनोव्हने मोठं क्वार्टेट लिहिलं. १९९५ मध्ये फिलिप ग्लासने. पण पाया घातला गेला तो परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी.

आता एक गंमत. आपल्या भाषेत सांगायचं तर क्वार्टेटमधल्या चार सॅक्सोफोनपैकी सोप्रानो आणि टेनर काळी पाचचे, आल्टो आणि बॅरिटोन काळी दोनचे. बोटं मात्र चौघांची सारखीच. चौघांना सांगा, डाव्या हाताचं फक्त मधलं बोट दाबा आणि फुंका. बॅरिटोन खालचा षड्ज देतो, टेनर पंचम, आल्टो मधला षड्ज, सोप्रानो वरचा पंचम. काळी दोनचा तानपुरा लागला! सॅक्सच्या मनात तानपुरा नव्हता. पण आपल्या रचनाकाराने इथूनच सुरुवात करायला काय हरकत आहे? रागाखाली कीबोर्डसारखे ठोकळेबाज कॉर्ड ठेवले की राग जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा वारकरी भजनाकडे पाहा. बुवा चरण म्हणतात, टाळकरी तो झेलतात. सोप्रानोने चरण म्हणावा, तिघांनी झेलावा. पुढच्या खेपेला चरण बॅरिटोनकडे जावा. मींडेची काळजी नको. कद्री गोपालनाथ यांनी मैसूरच्या राजवाडा बँडमधला सॅक्सोफोन ऐकून त्यावर अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं, गमकांसाठी वाद्यात फेरफारही केले. पोरांना एवढं नको, थोडी मींड नुसत्या ओठांवरही निघते.

परकं ते आपलंसं करायची या गावाला सवय आहे. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ मध्ये आलं, आणि त्याच मिशनमधल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन, कीर्तन दिलं. चर्च तेच राहिलं, चाल मराठी झाली.

म्हणून रचनाकारांना माझी विनंती आहे. नव्या शिकणाऱ्याला पेलेल अशी, पाच-सात मिनिटांची, चार ओळींची रचना लिहा. चारही ओळींना काहीतरी सांगण्यासारखं असू द्या. बॅरिटोनवाल्या पोराला तासभर एकच स्वर धरून बसवू नका. बॅरिटोन महाग, लहान शाळेला परवडत नाही, तेव्हा ती ओळ दुसऱ्या टेनरवर वाजेल अशीही लिहून ठेवा. आणि शिक्षकांनो, बँडवाल्या घरातली मुलं तुमच्या वर्गांना आणा. कान त्यांचे तयार आहेत, फक्त कागद वाचायला शिकवायचं आहे.

दुपारी ज्वारीची भाकरी आणि शिपी आमटी आहे. आमटी तिखट असते, वाजवणाऱ्यांनी बेताने घ्यावी. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. परिषदेच्या कामाला आता सुरुवात करावी, अशी अध्यक्षांना विनंती करतो.