बंद पाकीट आणि ई-मेल

पोंभुर्ण्याहून चंद्रपुरास धाडलेले बंद पाकीट वाटेत कोणी फोडले, तर घेणाऱ्याच्या ते बहुधा ध्यानात येते. डिंकाचा डाग, कागदाची सुरकुती, काही तरी खूण मागे राहतेच. ई-मेलचे तसे नाही. हे पत्र एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना त्याची प्रत होत जाते, आणि मूळ पत्र जागच्या जागी राहून प्रत मात्र तिसऱ्याच्याच हाती पडू शकते. वाटेत त्यास सांकेतिक लिपीचे कवच असते हे खरे. पण ज्या कंपनीच्या भांडारात ते साठते, तिच्याजवळ त्या कवचाची किल्ली बहुतेक वेळा असतेच.

सरकारने पत्रे उघडावीत की नाही, हा वाद मुळीच नवा नव्हे. १८८५ चा तार कायदा आणि १८९८ चा टपाल कायदा, या दोहोंनी परक्या सरकारास तो अधिकार दिला होता. तथापि तार कायद्यात एक अट होती: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काही तरी असल्यावाचून संदेश अडविता येत नसे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ती अट टिकली. नवल हे की, ई-मेलसारख्या संगणकीय पत्रव्यवहारास लागू असलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमात ती आढळत नाही. तेथे कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारणही पुरते. आदेश गृहखात्याचा सचिव काढतो, त्याची मुदत साठ दिवस, वाढवीत नेल्यास एकशे ऐंशी. फेरतपासणी करणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश तिच्यात नाही, आणि ज्याचे पत्र वाचले त्यास कधी कळविण्याचा नियमही नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते.

आणि नागपूरच्याच एका वकिलाचे उदाहरण या प्रश्नाची खरी धार दाखविते. सुरेंद्र गडलिंग हे गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात प्राध्यापक साईबाबा यांच्या बचावास उभे होते. मार्च २०१७ मध्ये त्या खटल्यात शिक्षा झाली आणि ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने सर्वांस निर्दोष सोडले. दरम्यान ६ जून २०१८ रोजी गडलिंग यांसच भीमा कोरेगाव प्रकरणी अटक झाली. त्यांच्या संगणकाची तपासणी करणाऱ्या आर्सेनल या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये सांगितले की, ई-मेलसोबत आलेल्या विषारी जोडपत्रांमुळे फेब्रुवारी २०१६ पासून वीस महिन्यांहून अधिक काळ तो परक्याच्या ताब्यात होता, आणि आक्षेपार्ह अशी चौदा पत्रे तेथे बाहेरून ठेविली गेली. हल्लेखोर कोण, हे तिने सांगितले नाही. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मानले नाहीत. सरकारी प्रयोगशाळेस असा काही विषाणू आढळला नाही, असे तिचे म्हणणे. वाद न्यायालयापुढचा आहे, त्याचा निवाडा येथे करणे योग्य नव्हे. परंतु तारखा मात्र पाहण्याजोग्या आहेत. अहवाल खरा मानल्यास, गडचिरोलीचा खटला चालू असता बचावाच्या वकिलाचे टेबल कोणी तरी उघडून बसले होते. अशील वकिलास जे सांगतो ते तिसऱ्याने ऐकू नये, हा संकेत पुरावा कायद्याइतकाच जुना. आणि जंगलपट्टीतल्या अशिलास वकील नागपुरास गाठावयाचा, तेव्हा दूरध्वनी आणि ई-मेल यांवाचून त्याचा निभाव कसा लागावा?

चोरून ऐकल्याचा ठपका मान्य झाल्याचे उदाहरणही आहे. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्याचे केंद्राचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करविली. लाचेच्या त्या प्रकरणी सार्वजनिक सुरक्षिततेचा संबंध न्यायालयास दिसेना. मात्र ते आदेश २००९ व २०१० सालचे होते, आणि ज्याचे बोलणे ऐकले त्यास ही गोष्ट कळली ती आरोपपत्रात ध्वनिमुद्रणे पुरावा म्हणून आली म्हणून.